थंडीत अडून बसलेला लॉग स्प्लिटर

मिनेसोटा, मिशिगन, व्हरमाँट, ऑन्टारिओ अशा भागांत शहरापासून दूर घर घेतलेल्या मराठी वाचकांकडून थंडी पडली की एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. घराबरोबर लाकडावर चालणारा स्टोव्ह मिळाला, आवारात पडलेल्या झाडांचे ओंडके होते, म्हणून लाकूड फोडायचं मशीन, म्हणजे लॉग स्प्लिटर, घेतलं. ऑक्टोबरमध्ये ते दोन हिसक्यांत सुरू व्हायचं. जानेवारीत दोरी जागची हलत नाही. मग कुणी कार्बुरेटर उघडून बसतं, कुणी नवा स्पार्क प्लग आणतं, कुणी मशीन गाडीमागे जोडून दुरुस्तीच्या दुकानात नेतं. रात्रभर दुकानाच्या उबेत राहिलेलं मशीन सकाळी पहिल्याच हिसक्यात सुरू होतं, आणि तपासणीचे पैसे मात्र भरावे लागतात.

म्हणून इंजिनाला हात लावण्याआधी हायड्रॉलिक तेलाचा विचार करा. कडाक्याच्या थंडीत स्प्लिटर अडतो तो बहुधा या तेलामुळे. योग्य तेल आणि थोडी ऊब एवढ्यावर निम्म्याहून अधिक अडचणी सुटतात. हिसके मारून काहीच सुटत नाही. खांदा मात्र दुखावतो.

स्नो ब्लोअर सुरू होतो, मग स्प्लिटर का नाही?

दोन्हींवर सारखंच छोटं पेट्रोल इंजिन असतं, तेव्हा हा प्रश्न रास्तच आहे. स्नो ब्लोअरची दोरी ओढताना फक्त इंजिन फिरतं. बर्फ उचलणारा भाग नंतर पट्ट्याने जोडला जातो. स्प्लिटरमध्ये इंजिनाचा दांडा कपलिंगने थेट हायड्रॉलिक पंपाला जोडलेला असतो, मध्ये क्लच नसतो. त्यामुळे दोरीच्या प्रत्येक हिसक्याला इंजिनाबरोबर पंपही फिरवावा लागतो, आणि पंपाला टाकीतलं तेल ओढून, व्हॉल्व्हमधून ढकलून परत टाकीत न्यावं लागतं. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी खोबरेल तेलाची बाटली उपडी केली तरी थेंब पडत नाही. उणे २० सेल्सिअसला, म्हणजे उणे ४ फॅरनहाइटला, हायड्रॉलिक तेल तितकं थिजत नसलं तरी त्याच वाटेवर असतं.

ते तसंच असताना इंजिन कसंबसं सुरू केलं तर नुकसान पंपाचं होतं. घट्ट तेल पंपाला पुरेसं ओढता येत नाही. आत पोकळी तयार होते, बुडबुडे फुटतात आणि त्या माऱ्याने धातू खरवडला जातो. त्या वेळी पंपातून किंचाळल्यासारखा तीव्र आवाज येतो. हा आवाज ऐकू आला की इंजिन ताबडतोब बंद करा. ‘गरम झाल्यावर जाईल’ असं म्हणून चालू ठेवलेल्या मशीनचा पंप लवकर बदलावा लागतो.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. दिवसा ऊन आणि रात्री गारठा असला की टाकीत दमट हवेचं पाणी साचतं. ते तळाशी गोळा होतं, तिथेच गोठतं आणि तेल ओढणारी जाळी अडवतं. तेल दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी किंवा हवा मिसळली आहे असं समजा. रात्रभर उभं ठेवल्यावरही दुधाळपणा गेला नाही, तर ते पाणीच. असं तेल गरम करून वापरत राहू नका, बदला.

डब्यावरचा आकडा काय सांगतो

दुकानात तुम्हाला ‘एडब्ल्यू ३२’ आणि ‘एडब्ल्यू ४६’ असे डबे दिसतील. हे आकडे तेलाचा घट्टपणा दाखवतात, पण तो ४० अंश सेल्सिअसला मोजलेला असतो. तुमच्या अंगणातल्या सकाळबद्दल ते फारसं सांगत नाहीत. ४० अंशांना जवळपास सारखी असणारी दोन तेलं उणे २० ला अगदी वेगळी वागू शकतात. म्हणून डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात आणखी दोन गोष्टी शोधा.

- पोअर पॉइंट: ज्या तापमानापर्यंत तेल वाहू शकतं तो आकडा. तुमच्याकडच्या सर्वांत थंड सकाळच्या तापमानापेक्षा तो बराच खाली हवा. नुसतं वाहणं पंपाला पुरत नाही.
- व्हिस्कॉसिटी इंडेक्स: हा जितका जास्त, तितका तापमानाबरोबर घट्टपणा कमी बदलतो. ‘मल्टी-व्हिस्कॉसिटी’ किंवा ‘ऑल सीझन’ म्हणून विकली जाणारी हायड्रॉलिक तेलं याच कारणासाठी घ्यायची.

आता निवड कशी करायची? उन्हाळ्यात आणि हिवाळ्याच्या सुरुवातीलाच काम उरकणाऱ्याला साधं एडब्ल्यू ३२ पुरतं. भर थंडीत काम करायचं असेल तर एडब्ल्यू ४६ टाळा आणि मल्टी-व्हिस्कॉसिटी किंवा सिंथेटिक तेल घ्या. काही उत्पादक गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, म्हणजे डेक्सरॉन थ्री प्रकारचं एटीएफ, वापरायची मुभा देतात. थंडीत ते चांगलं वाहतं. पण ही मुभा तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत लिहिलेली असेल तरच घ्या. शेजाऱ्याच्या मशीनला चालतं म्हणून तुमच्या मशीनच्या सीलला चालेल असं नाही.

टाकीत साधारण १२ ते १५ लिटर तेल बसतं, म्हणजे बदलणं स्वस्त नाही. तरीही हा खर्च मी सर्वांत आधी करायला सांगेन. तेल बदलायचा काळ ऑक्टोबर. पातळी तपासताना सिलेंडर पूर्ण मागे घेतलेला असू द्या, नाहीतर तेल कमी दिसतं आणि तुम्ही जास्त भरता.

इंजिनाच्या तेलाचंही असंच आहे. त्यात एसएई ३० असेल तर ४ सेल्सिअस म्हणजे ४० फॅरनहाइटच्या खाली इंजिन सुरू व्हायला त्रास देतं. थंडीसाठी बहुतेक छोट्या इंजिनांना सिंथेटिक ५डब्ल्यू-३० चालतं.

आधी ऊब, मग दोरी

ऊब देण्याचे सुरक्षित मार्ग तीनच आहेत, आणि तिन्ही साधे आहेत.

1. मशीन वाऱ्याच्या आड, शेडमध्ये किंवा जाड ताडपत्रीखाली ठेवा. काम दुपारी काढा. गडद रंगाच्या टाकीवर दोन-तीन तास ऊन पडलं तरी फरक जाणवतो.
2. तेलाच्या टाकीला बाहेरून चिकटवायचे विजेवरचे हीटर पॅड मिळतात, काही चुंबकाने चिकटतात. टाकीच्या धातूला आणि तेलाला चालेल असाच पॅड घ्या, तो तेलाच्या पातळीखाली लावा आणि काम सुरू करण्याआधी तासभर चालू ठेवा. सुरू करण्यापूर्वी वायर काढायला विसरू नका.
3. स्वतंत्र गराज असेल तर आदल्या रात्री मशीन आत घ्या आणि सकाळी बाहेर काढून मगच सुरू करा.

शेवटच्या मार्गात दोन धोके आहेत. घराला लागून असलेल्या गराजमध्ये किंवा तळघरात गॅसचा वॉटर हीटर किंवा फर्नेस असेल, तर पेट्रोल भरलेलं मशीन तिथे ठेवू नका. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि ज्योतीपर्यंत पोचते. दुसरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. गराजचा दरवाजा सताड उघडा असला तरी आत इंजिन चालवायचं नाही, ‘दोनच मिनिटं’ सुद्धा नाही. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो घरात शिरतो.

टाकीखाली निखारे, गॅसचा टॉर्च, हॅलोजनचा दिवा यांतलं काहीही नको. तेल आणि पेट्रोल हातभर अंतरावर असलेल्या यंत्राजवळ उघडी आग नेण्याचं कारण कोणतंही असो, ते पुरेसं नाही.

सुरू करण्याचा क्रम

- मशीन सपाट जागी, घरापासून दूर ठेवा, चाकांना अडण लावा. उतारावर ठेवलं तर काही इंजिनांतला तेल कमी असल्याची सूचना देणारा सेन्सर इंजिन सुरूच होऊ देत नाही.
- टाकीखाली तेलाचा बंद-चालू व्हॉल्व्ह असेल तर तो उघडा आहे ना ते बघा. तो बंद ठेवून इंजिन चालवलं तर पंप कोरडा फिरून खराब होतो.
- पाचर पुढे-मागे करणारा दांडा मधोमध, न्यूट्रलमध्ये हवा. तो ‘मागे’ या खाचेत अडकलेला राहिला तर पंपावर पूर्ण भार येतो आणि दोरी आणखी जड होते.
- इंजिनाचा स्विच बंद ठेवून दोरी सहा-आठ वेळा सावकाश, पूर्ण लांबीपर्यंत ओढा. एवढ्याने पंपातलं तेल हलतं आणि इंजिनातलं तेल पसरतं. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते.
- आता पेट्रोलचा नळ उघडा, चोक पूर्ण लावा, थ्रॉटल अर्ध्याच्या पुढे ठेवा, स्विच चालू करा. दोरी हळू ओढत न्या, जोर लागेल तिथे थांबा, दोरी आत जाऊ द्या आणि मग एकच भरघोस हिसका द्या.
- इंजिन धरलं की चोक टप्प्याटप्प्याने काढा. थंडीत यासाठी एखाद-दोन मिनिटं लागू शकतात.
- इंजिन मध्यम वेगावर पाच ते दहा मिनिटं चालू द्या. या वेळात दांड्याला हात लावू नका. तेल टाकीतून पंपात, पंपातून परत टाकीत फिरत राहतं आणि ढिलं होतं.
- मग ओंडका न ठेवता पाचर थोडी पुढे, थोडी मागे. नंतर पूर्ण लांबी पाच-सहा वेळा. पाचर ऑक्टोबरसारखी एकसारखी चालू लागली की कामाला लागा, आणि पहिले ओंडके बारीक, बिनगाठीचे घ्या.

तरीही सुरू होत नसेल तर

दहाएक हिसक्यांनंतर थांबा आणि स्पार्क प्लग काढून बघा.

प्लग ओला आणि पेट्रोलचा वास असेल तर इंजिनात पेट्रोल जास्त झालं आहे. प्लग पुसून बसवा, चोक काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा, पंधरा मिनिटांनी पुन्हा ओढा.

प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाही. नळ उघडा आहे का, टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बर्फाने बुजलं आहे का, ते बघा. त्यानंतर संशय कार्बुरेटरच्या तळाशी असलेल्या वाटीचा. पेट्रोलमधलं पाणी तिथे साचून गोठतं आणि जेट बंद होतो. हे बिघाडासारखं दिसतं, पण मशीन उबेत ठेवून वाटीखालचा स्क्रू ढिला करून पाणी काढलं की काम होतं. पेट्रोल डब्यात धरा, जमिनीवर सांडू नका.

प्लग बरोबर आहे, पेट्रोल पोचतं आहे, ठिणगीही आहे, तरी दोरीच हलत नसेल, तर पुन्हा तेलाच्या उबेकडे वळा. फवाऱ्याने मारायचं स्टार्टिंग फ्लुइड वापरायला काही इंजिन उत्पादक पुस्तिकेतच मनाई करतात. दोरी हलत नसताना त्याचा उपयोगही नसतो.

बटणाने सुरू होणारं मशीन असेल तर बॅटरी रात्री घरात घ्या. उणे १८ सेल्सिअसला लेड-ॲसिड बॅटरीची इंजिन फिरवायची ताकद निम्म्यावर येते.

पेट्रोल ताजं आणि योग्य

सप्टेंबरचं उरलेलं पेट्रोल जानेवारीत वापरू नका. ते शिळं झालेलं असतंच, शिवाय उन्हाळ्याचं पेट्रोल कमी वाफ होणारं बनवलेलं असतं आणि थंडीत इंजिनाला सुरुवातीला वाफच हवी असते. डबा भरला की त्याच दिवशी स्टॅबिलायझर घाला. इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत चालतं. अमेरिकेत पंपावर ‘ई१५’ असं नारिंगी-काळं लेबल दिसलं तर ते पेट्रोल छोट्या इंजिनांत घालणं नियमाविरुद्ध आहे, आणि इंजिनाला घातकही.

हात, कपडे आणि गळती

स्प्लिटरवर एकच माणूस काम करील हा नियम घरात सगळ्यांना सांगा. सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा मदतीला उभे राहतात, एक ओंडका धरतो, दुसरा दांडा दाबतो, आणि बोटं सापडतात ती अशाच वेळी. ओंडके आणून देणं, चिरफळ्या रचणं ही कामं दुसऱ्याने करावीत, पण मशीन बंद असताना किंवा लांबून. मुलांना आवारातच येऊ देऊ नका.

मफलर, ओढणी, जाकिटाची लोंबती दोरी नको. हातमोजे घट्ट बसणारे घ्या. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण गोठलेला ओंडका फुटताना तुकडे जोरात उडतात. बुटाखाली बर्फ असेल तर आधी वाळू किंवा राख टाका.

थंडीत रबरी होज कडक होतात आणि सील आकसतात, म्हणून पहिल्या काही मिनिटांत गळती दिसू शकते. ती हाताने चाचपू नका. होजमध्ये २,५०० ते ३,००० पीएसआय दाब असतो. सुईएवढ्या भोकातून उडालेलं तेल हातमोज्यातून कातडीत घुसतं. वरून नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो, पण आतले स्नायू सडू लागतात. असं झालं असा संशय आला तरी थेट इमर्जन्सीत जा आणि ‘दाबाखालचं हायड्रॉलिक तेल कातडीत गेलं आहे’ असं स्पष्ट सांगा. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरा, आणि जोडणी आवळण्याआधी इंजिन बंद करून दांडा हलवून दाब काढा.

गोठलेलं लाकूड फोडावं का?

जरूर. ओलं लाकूड गोठलं की ठिसूळ होतं आणि ओक, मेपल, बर्च सरळ फुटतात. एल्म मात्र थंडीतही तंतूंनी चिकटून राहतो. त्याला वेळ द्यावा लागतो. जमिनीला गोठून चिकटलेला ओंडका पहारीने सोडवा, स्प्लिटरने ओढून काढू नका. ओंडक्याच्या टोकावरचा बर्फ झाडा, नाहीतर ओंडका पाचरीवरून घसरतो. आडवा, तंतूंच्या काटकोनात कधीही फोडू नका.

पण आज फोडलेलं ओलं लाकूड याच हिवाळ्यात जाळायचं नाही. पाण्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या खाली आलं पाहिजे, आणि ओकला त्यासाठी दोन उन्हाळे लागू शकतात. ओल्या लाकडाचा धूर चिमणीत क्रिओसोट साचवतो आणि चिमणीला आग लागते. ओलाव्याचा मीटर गोठलेल्या लाकडावर चुकीचा, बहुधा कमी आकडा दाखवतो. ओंडका घरात आणून गारठा जाऊ द्या, तो फोडा आणि आतल्या ताज्या बाजूवर मोजा. यंदासाठी लाकूड कमी पडत असेल तर भट्टीत वाळवलेलं विकत घ्या.

नवं मशीन घेणार असाल तर

हिवाळ्याला एक-दोन कॉर्ड (एक कॉर्ड म्हणजे नीट रचलेलं १२८ घनफूट) लाकूड जाळणाऱ्या कुटुंबाला मी पाच ते सात टनांचा विजेवरचा स्प्लिटर सुचवेन. त्यात पेट्रोल नाही, म्हणून तो घरात, उबेत ठेवता येतो आणि थंडीचा प्रश्नच मिटतो. एक्स्टेंशन वायर १२ गेजची आणि शक्य तितकी आखूड घ्या. खूप लाकूड आणि कडक थंडी असेल तर फ्लायव्हीलवर चालणारी कायनेटिक मशीनं बघा. त्यांत हायड्रॉलिक तेलच नसतं. ती झपाट्याने चालतात, त्यामुळे हाताची काळजी अधिक घ्यावी लागते. गाठाळ, जाड ओंडक्यांना २५ टनांच्या आसपासचं हायड्रॉलिक मशीनच बरं.

वॉरंटी, भाडं आणि लाकडाची खरेदी

‘आमच्याच ब्रँडचं तेल घातलं नाही तर वॉरंटी जाईल’ असं कुणी सांगितलं तर अमेरिकेतल्या वाचकांनी घाबरू नये. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार उत्पादक ते तेल फुकट देत नसेल, तर सहसा तशी अट घालू शकत नाही. तेल पुस्तिकेतल्या दर्जाचं मात्र असायला हवं. त्याची पावती आणि बदलल्याची तारीख जपून ठेवा. इंजिनाची वॉरंटी बहुधा इंजिन बनवणाऱ्या कंपनीची, वेगळी असते. तक्रार कुणाकडे करायची ते आधी बघा. शिळ्या पेट्रोलने झालेला बिघाड वॉरंटीत सहसा धरत नाहीत.

भाड्याने घेताना मशीन तुमच्यासमोर सुरू करून दाखवायला सांगा, तेही दुकानाच्या बाहेर. टाकीत कोणतं तेल आहे ते विचारा. थंडीमुळे मशीन चाललंच नाही तर त्या वेळेचं भाडं लागेल का, हे करारावर लिहून घ्या. बहुतेक घरगुती स्प्लिटर ताशी ४५ मैलांहून जास्त वेगाने ओढायचे नसतात, आणि काही राज्यांत दिवे नसलेले स्प्लिटर रस्त्यावर चालत नाहीत.

ओंडके लांबून आणू नका. एमराल्ड ॲश बोरर ही ॲशची झाडं मारणारी कीड २००२ मध्ये मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ आढळली आणि जळाऊ लाकडाबरोबर दूरवर पोचली. अमेरिकेच्या केंद्र सरकारचा या किडीबाबतचा निर्बंध २०२१ मध्ये उठला असला तरी अनेक राज्यांचे स्वतःचे नियम आहेत. न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची प्रक्रिया न केलेलं लाकूड उगमापासून ५० मैलांपलीकडे नेता येत नाही. तुमच्या राज्याचा नियम कृषी किंवा वनखात्याकडे विचारा.

विकत घेताना ‘एक ट्रक’, ‘एक रांग’ असा भाव मान्य करू नका. पूर्ण कॉर्ड म्हणजे नीट रचलेलं १२८ घनफूट लाकूड, चार फूट उंच, चार फूट रुंद, आठ फूट लांब. अमेरिकेत अनेक राज्यांत कॉर्ड किंवा त्याच्या हिश्शातच विक्री करणं बंधनकारक आहे. पावतीवर कॉर्डचं माप, लाकडाचा प्रकार आणि विक्रेत्याचं नाव-पत्ता घ्या. लाकूड आल्यावर एकही चिरफळी जाळण्याआधी ते रचून मोजा, फोटो काढा. कमी भरलं तर आधी विक्रेत्याला कळवा, आणि त्याने दाद दिली नाही तर तुमच्या काउंटीच्या किंवा राज्याच्या वजनमाप विभागाकडे पावती आणि फोटोंसह तक्रार करा.